रकाना

मायणीच्या तळ्यावर पोचले तेव्हा
उजाडायला अजून एका विडीएवढा अवकाश होता.
विट्याहून पहिली एसटी, फाट्यापासून पायवाट,
साडीचा काठ हरभऱ्याच्या आंबेनं ओला,
गळ्यात शाळेची दुर्बीण,
जिची एकच काच खरं बोलते.

वनखात्याची कमान. तिच्यावर रंगवलेला मोर
उन्हानं पिसारा उडून लांडोर झालेला.
खाली म्हाकू आबा, रोजंदारीवरचे राखणदार:
आत खात्याचा खाकी शर्ट,
वर स्वतःचं घोंगडं.
"बाई, बोलायचं ते हितंच बोलून घ्या.
फुडं पाण्याला ऐकू जातंय."

मग बाभळींतून.
ही झाडं लावली तेव्हा
आबांची मेंढरं कुंपणाबाहेर गेली,
दोन वर्षांनी आबा आत आले, पगारावर.
तक्रार म्हणून नाही सांगितलं त्यांनी.
एक काटेरी फांदी हातानं धरून ठेवली
मी जाईपर्यंत.

तळं एकदम दिसत नाही.
आधी वास: गाळ, शेवाळ, ओली पिसं.
मग आवाज, अंधारात कुणी
शेकडो ओली फडकी झटकत असल्यासारखा.
मग दगडी बांधावरून उजेड उतरतो
आणि पाणी आपलं पाणी व्हायला लागतं.

मी फॉर्म काढला.
पक्षी. संख्या. शेरा.
शेकाट्या बेचाळीस, लाल काठ्यांवर उभ्या.
चमचे सात.
टिबुकल्या मोजाव्यात तोवर बुडतात,
वर येतात भलतीकडेच, नव्या असल्यासारख्या.
चांदवे तीनशे? चारशे?
तेवढ्यात दलदलीवरून एक भोवत्या तिरका गेला,
सगळं तळं उठलं,
आणि माझी बेरीज पाण्यावर सांडली.

"आबा, तुम्ही मेंढरं कशी मोजायचा?"
"मोजत नव्हतो."
तंबाखूची चिमूट दाढेत जाईस्तोवर गप्प.
"वाघरीच्या तोंडाला हुबं ऱ्हायचं.
समदी आत जात्यात. जी न्हाई, ती पयली दिसती.
हाय ते हाय की,
त्येला काय मोजायचं?"

मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं,
दुर्बिणीशिवाय,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
सावकाश.
"त्या वठलेल्या झाडावर जोडी असायची,
औंदा एकलाच हाय.
आन् पल्याड, उथळात, रोहित उतरायचं.
कुणी कुंकवाच्या पाण्यातनं चालत आल्यागत पाय.
गाळ भरला. पाच-सा वर्सं झाली."

मी 'रोहित' शोधलं, पेन टेकवलं.
"काय लिवताय?"
"शून्य."
"शून्य नगा. शून्य म्हंजी मेलं.
आलं न्हाईत, एवढंच.
मोकळं ऱ्हाऊ द्या."

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात:
कोणताही रकाना रिक्त सोडू नये.

परत येताना विट्यात ऊन चढलेलं.
आमच्या गल्लीत सोळा घरं, नऊ कुलपं.
माणसं गलाईला: कटक, कोइमतूर, सिलिगुडी,
परक्यांचं सोनं वितळवत बसलेली.
यात्रेला येतात. दोन दिवस गल्ली भरते,
मग कुलपांना तेल घालून जातात.
भाऊ तीन यात्रा आला नाही.
आई त्याचं ताट मांडत नाही हल्ली,
पण पाट तिथंच असतो, भिंतीला टेकलेला,
त्यावर कुणी बसत नाही.

सोमवारी पाचवीची हजेरी.
पोळ विराज. श्रावणापासून नाही,
बापाच्या दुकानामागे कुठल्या तरी शहरात
ओडिया शिकतोय म्हणे.
मुख्याध्यापक म्हणाले, नाव कमी करा.
मी बाकीच्यांना हजर मांडत गेले,
त्याच्यापाशी पेन उचललं,
पुढच्या नावावर ठेवलं.

फॉर्म काल परत आला.
रिकाम्या रकान्याभोवती
लाल पेनानं केलेला गोल,
आणि शेजारी:
खुलासा करावा.