बारदान वजा जाता

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं मापाडी होतो मी, हिंदुराव शेडगे.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.
काट्यापाशी उभा राहिलो की
व्यापारी माझ्या डोळ्यांकडं बघायचा, शेतकरी हाताकडं.

आता खारघरच्या इस्पितळात
माझंच माप चाललंय.

पोरगी चुणचुणीत. श्रुतिका भगत, दिवाळे गावातली.
म्हणाली, बाबा, केमोच्या आधी तुम्हाला बघायचंय.
गाठ नाही, तुम्हाला.
गाठीच्या फोटोंचं जाडजूड पाकीट
तिनं उघडलंसुद्धा नाही.
तीन शब्द दिले, म्हणाली सांभाळून ठेवा, मागून घेईन.

खुर्चीतून हात न टेकता उठा. भिंतीपर्यंत जा. वळा. या. बसा.
पंधरा सेकंद.
वळताना टेबलाला बोट लागलं माझं,
एकच बोट. तिनं तेही लिहिलं.
काट्याला बोट लावणारे मी पाहिलेत. धरलेतसुद्धा.

मूठ आवळा.
याच हातानं गोणी नुसती कलती करून सांगायचो,
दोन किलो ओल आहे, धरा.
यंत्राचा काटा अठरावर गेला आणि तिथंच बसला.

सहा महिन्यांत वजन किती उतरलं?
सात किलो. कांदा साठवला की घट धरावीच लागते, म्हटलं.
ती हसली नाही. खाली रेघ ओढली.

घरी कोण असतं?
कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीत. मुलगा, सून.
दिवसा?
दिवसा फ्रीज असतो.
कधी पडलात?
नाही.
न्हाणीत?
न्हाणीतलं पडणं धरायचं का?

गोळ्यांची पिशवी उपडी केली. अकरा.
त्यातल्या दोन एकच, फक्त नावं वेगळी.
चार डॉक्टर झाले, कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.

शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर...
ती थांबा म्हणेपर्यंत दोनावर आलो.
आणि ते तीन शब्द?
कंदील. चादर.
तिसरा कुठं सांडला कोण जाणे.

मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, दोनदा.
पूर्ण डोस नको. बारा आणे देऊ, झेपलं तर वाढवू.
मुलाचा चेहरा उतरला. कमी का? म्हणजे बाबांचं काही...

त्याला कसं सांगू,
उभ्या जन्मात कुणाला बारा आण्याचं माप घातलं नाही मी.
पण भरल्या गोणीचं वजन म्हणजे माल नव्हे.
बारदान वजा केल्याशिवाय
सौदा खरा होत नाही.
अठ्ठ्याहत्तर हे वरून लिहिलेलं.
आत किती, हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं.

रिक्षा उत्सव चौकात वळली आणि
तोंडातून एकदम निघालं, पेरू!
मुलगा म्हणाला, हवेत? थांबवू?
म्हटलं, थांबव.

हातगाडीवाला तागडीत टाकत होता.
मी आपला मनात:
लाभ,
दोन,
तीन.