मऊ मेण

खोक्यावर लिहिलंय: फक्त पेल्यात, डब्यात, वाटीत ओतण्यासाठी.
साच्यातून काढाल तर उभं राहणार नाही.
सुलक्षा मोठ्यानं वाचते
आणि माझ्याकडे बघते.

पिशवी फोडली तर आत
कपाटात विसरलेला डालडा जणू,
धड वडी नाही, धड लोणी नाही.
सुरी घातली, सुरी तिथंच राहिली.
शेवटी भाताच्या डावानं उकरतो.
डाव निसरडा, मूठ निसरडी, दाराची कडी निसरडी,
चष्मा वर सारायला गेलो
तर उजवा डोळा दिवसभर धुक्यात.

वीस वर्षं बार्जवर होतो मी.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं,
मुरगावला रितं करायचं.
मातीलाही तेव्हा वजन होतं,
ढेकूळ पायावर पडलं तर नख जायचं.
माझ्या आंघोळीचं पाणी
तांबडं होऊन माडाच्या आळ्यात उतरायचं
आणि सुलक्षा म्हणायची, माडालाही पगार चालू झाला.

मग खाणी बंद झाल्या.
बार्ज खाडीत बांधून ठेवली, मी सोप्यावर.
दोघांनाही भरती-ओहोटी कळत होती,
जायचं कुठं नव्हतं.

पंचायतीच्या शिबिरातून ती थर्मामीटर घेऊन आली,
वाती आणल्या, वासाच्या तीन बाटल्या आणल्या.
पहिल्याच आठवड्यात मी
गरम टोप मोरीत विसळला.
दुसऱ्या दिवशी मोरी तुंबली.
इनासियोनं पाइप सोडवला, आत वाकून बघितलं:
'पात्रांव, वात घाल हातूंत, नळच पेटतलो.'
तीनशे रुपये घेतले, आणि एक मेणबत्ती.
तेव्हापासून टोप ऊन असतानाच वर्तमानपत्रानं पुसायचा.
कालच्या सगळ्या बातम्या
आमच्याकडे पारदर्शक होतात,
एका पानातून मागचं पान दिसतं.

पेले आगुश्तीनच्या बंद झालेल्या तावेर्नातले,
फेणी प्यायचे ते, जाड बुडाचे.
बारांपैकी चारांच्या कडेला टवका आहे.
टवका भिंतीकडे करून मांडा, सुलक्षा सांगते.
वात मध्ये उभी राहावी म्हणून
कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायची,
ओतायचं,
आणि मग कुणी दार आपटायचं नाही,
पंखा लावायचा नाही,
मला तर शिंकायचीही बंदी.

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारात,
आर्मिंदबाय बसते आमच्या बाजूला.
तिच्याकडे फेस्ताचं मेण: पाय, हात, काळीज,
बोटभर उंचीचं तान्हं बाळ.
तिनं आमचा पेला नखानं दाबून बघितला.
'हें आमकां चलचें ना,' म्हणाली,
'सायबिणीमुखार पांय दवरतना पांय ताठ जाय.'
मी तिचा एक हात उचलून पाहिला.
पोकळ होता. माझ्या हातापेक्षा
कितीतरी हलका,
आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

काल टोप कलंडला.
साठ अंशाचं मेण डाव्या तळहातावर.
ओरडेपर्यंत ते गोठलंही.
सोललं तर आख्खा पापुद्रा सुटून आला,
त्यात माझ्या रेघा, भेगा, अंगठ्यावरचा जुना व्रण,
आणि भेगांच्या आत
बारीक, केसाएवढं तांबडं.
आठ वर्षं झाली, म्हटलं. अजून?
सुलक्षानं तो दिव्याकडे धरून बघितला थोडा वेळ,
मग टोपात टाकला.
वाया कशाला घालवायचं.

आज बारातला एक पेला मध्येच खचला,
वातीभोवती खड्डा.
विकायचा नाही असा म्हणून घरात राहिला.
रात्री वीज गेली तेव्हा तोच लावला.
मेण कडेपासून सुटलं, हललं, सपाट झालं,
खड्डा कुठं होता ते सांगता येईना.
'बघितलंस?' ती म्हणाली.
बघितलं.
काहीतरी बोलणार होतो मी,
तेवढ्यात वीज आली
आणि तिनं फुंकर मारली,
उगाच जळायला नको म्हणून.