शीर

पान रात्री भिजवायचं, गोणपाटात गुंडाळून ठेवायचं,
सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची.
मधली जाड शीर टाकून द्यायची.
शीर राहिली तर विडी वळत नाही,
चेकर छाटात काढतो,
आणि छाटाचे पैसे नाहीत.
विडी घरकुलात नुकत्या चालायला लागलेल्या पोरीलाही हे माहीत असतं.

अम्माच्या सुपाखाली दिवसभर शिरा साठायच्या.
मी त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापवून
नर्सिंगच्या कॉलेजात गेले.

मस्कतमध्ये नावातला भ कुणाला जमेना.
भाग्यलक्ष्मी म्याकलची सिस्टर बागी झाले.
तीन वर्षं. बारा तासांची ड्यूटी, थंडगार एसी,
मऊ पांढरे टॉवेल. प्रत्येकाचं लेबल उलटून बघायचे.
सोलापूर एकदाही सापडलं नाही.
चीन, तुर्कस्तान, एकदा कराची.
घरी मात्र सांगितलं, हो, आपलेच आहेत.
नान्ना लूम बंद करून ऐकत होते.

करार संपला. नवा टेबलावर येऊन पडला.
मी सही केली दुसऱ्याच कागदावर:
मलावी, कॉलऱ्याचा तंबू, तीन महिने, बिनपगारी.
अम्माला बिनपगारी समजेना.
"म्हणजे सगळंच काम छाटात गेलं का गं तुझं?"
फोन खरखरला. मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, माहीत नाही.

तिथल्या खाटांना मधोमध भोक, खाली बादली.
टॉवेल नव्हतेच. लेबलाचा प्रश्न मिटला.
क्लोरीननं बोटांची सालं निघाली.
अम्माची तंबाखूनं पिवळी होतात, तसं नव्हे हे,
पण जेवताना वास जात नाही, तेवढं सारखं.

अंगातलं पाणी गेलं की शीर लपते.
चपटी होऊन आत बसून राहते,
आमच्या गल्लीतल्या नळासारखी,
पाणी यायच्या आदल्या रात्री
नुसती फुसफुसते, येत नाही.

दोन वर्षांचं पोर. उजवा हात, डावा हात, दोन्ही फुकट.
चिसोमो बॅटरी धरून होती, तिचाही हात हलायला लागला.
मी म्हटलं, बंद कर.
लाईट गेल्यावर अम्मा पानं कापायची
तशी अंगठ्यानं चाचपत गेले,
घोट्याच्या जरा पुढे,
आणि ती होती.
पानात असते तशी. डोळ्याला नाही, बोटाला.

पहाटे दुसऱ्या पोराची लागली नाही.
त्याच्या आईनं त्याच्या पायावरची चिकटपट्टी
हळू सोलून काढली, घडी घातली
आणि मला परत दिली.
तिचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.
पासपोर्टात आहे.

आता जानेवारी. गड्ड्याचे पाळणे अजून उतरवलेले नाहीत.
सिव्हिलच्या वॉर्डात अम्मा. तीन दिवस जुलाब,
घरी सांगितलं कुणाला नाही, कट्टे पुरे व्हायचे होते.
शिकाऊ पोरगी, बिल्ल्यावर बिराजदार.
दोनदा टोचलं, दोनदा सुजलं.
माझी बोटं शिवशिवायला लागली.
ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, मारली.
मी कोण, ते सांगितलं नाही.

पोरीचे डोळे भरले.
अम्मा आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मग तिला कळेल असं,
"टोच की गं. पहिले दोन-चार कट्टे छाटातच जातात.
मी काय ओरडायलेय का?"

तिसऱ्यांदा पोरीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात घरकुलातून सत्यम्माचा फोन:
नळ आलाय, घागरी कुठं ठेवल्यात?
मी सांगत राहिले, मोरीत बघ, पायरीखाली बघ,
एक कॉटखाली आहे, धुऊन घे, मग भर.
आणि एकीकडे बाटलीतले थेंब मोजत होते,
पंचवीस झाले
की पुन्हा एकपासून.