एक एप्रिल

नोव्हेंबरात मी कॅन्टीनमध्ये टेबल मांडते,
कॉफीच्या यंत्राशेजारी, कारण माणसं तिथंच थांबतात.
बाहेर डुलुथचा बर्फ, आत ओल्या पुठ्ठ्याचा वास,
समोर निळ्या फॉर्मांचा गठ्ठा:
कर्मचारी. कर्मचारी आणि जोडीदार. कुटुंब.
ते दोन आठवडे जगात तीनच जातीची माणसं असतात.

फेंग वांग दरवर्षी तेच विचारतो.
चोवीस वर्षांचा, गोठलेल्या तळ्यावर आपटला
तरी हसत उठणारा.
"व्हर्ना, मी आजारीच पडत नाही,
मग दर पंधरवड्याला माझे नव्वद डॉलर जातात कुठं?"
गटात, मी म्हणते.
कंपनीचे तीन हिस्से, तुझा एक,
सगळं एका पातेल्यात.
"आणि जेवतं कोण?"
मी पेन पुढं करते. इथं सही कर.

जेवतं कोण ते मला ठाऊक आहे.
ठाऊक असून न सांगणं हीच माझी नोकरी.
दोन टेबलं सोडून लाउरी हिएताला सँडविच खातोय,
एकसष्ट वर्षांचा, कातरयंत्रावर तेहतीस वर्षं,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
त्याच्या डोरीनला दर तीन आठवड्यांनी
शिरेतून एक औषध देतात.
एक बाटली म्हणजे एक जुनी ट्रक, असं तोच म्हणाला होता,
आणि खिडकीबाहेर स्वतःच्या ट्रककडे बघत राहिला.
गुडघे गेलेत त्याचे. घरी बसायचं आहे.
पण तो कामावर येतो पगारासाठी नाही,
पाकिटातल्या त्या प्लॅस्टिकच्या कार्डासाठी.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
जानेवारीत फेंगची मुलगी अकरा आठवडे आधी आली.
तीस दिवसांत फॉर्म भरला नाही
तर बाळ गटाबाहेर.
अठ्ठाविसाव्या दिवशी मीच गेले हॉस्पिटलात फॉर्म घेऊन.
काचेच्या पेटीत तळहाताएवढी पाठ, वर-खाली, वर-खाली.
नाव ठेवलं नव्हतं. मी लिहिलं: बाळ वांग.
सही करताना फेंगनं काही विचारलं नाही.

मार्चात अटलांटाहून यादी आली.
सतरा नावं. सातवं हिएताला.
शेवटचा दिवस: एकतीस मार्च.
नियम पान बावीसवर आहे, मीच छापून वाटलेला:
ज्या महिन्यात नोकरी संपते, त्या महिन्याअखेर विमा संपतो.
म्हणजे मध्यरात्री.
डोरीनची पुढली बाटली चौदा एप्रिलला.

मी अटलांटाला फोन केला.
म्हटलं, कातरयंत्राची मोजदाद राहिली आहे,
माहीतगार माणूस एक दिवस जास्त लागेल.
मोजदाद फेब्रुवारीतच झाली होती.
पलीकडे कुणीतरी कळफलक बडवला. "कोणता दिवस?"
एक एप्रिल.
ती हसली. मला वाटलं पकडले गेले.
"ठीक आहे," ती म्हणाली, "एकच दिवस."

लाउरी सहा अठ्ठावन्नला आला, डबा घेऊन.
मी म्हटलं, तासभर बसलास तरी चालेल.
"दिवस सांगितलाय ना," तो म्हणाला
आणि बंद यंत्राखालचा तेहतीस वर्षांचा भुसा
कोपऱ्याकोपऱ्यातून काढत बसला.
जेवणाच्या सुट्टीत फेंग आला,
विचारू लागला, याचं नाव यादीत होतं ना?
मग माझ्याकडे बघितलं, आणि दुसरा झाडू घेतला.

संध्याकाळी मी लाउरीला पाकीट दिलं.
साठ दिवसांत कळव, गटात राहायचं की नाही.
राहिलास तर दीड वर्ष तेच पातेलं, तेच कार्ड,
फक्त आता चारही हिस्से तुझे,
वर दोन टक्के, आमच्या कागदपत्रांचे.
त्यानं आकडा वाचला. पुन्हा वाचला.
घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"एप्रिल तर झाला," तो म्हणाला.
मग घड्याळाच्या यंत्रात कार्ड सारलं.
तीन एकतीस.
साडेतीनला सुटी होते. एक मिनिट जास्तच भरलं त्यानं.