शून्य परत

कांजूरमार्ग, रात्रीचे पावणेदोन.
लॅमिंग्टन रोडवर शोधून आणलेला बोर्ड
जुलैतच जळाला. आता मी त्याचं सोंग लिहितेय.
घड्याळ झालं, सिरियल पोर्ट झाला,
उरलेल्या पत्त्यांवर नुसत्या पाट्या ठोकल्यात:
वाचलंस तर शून्य देईन,
लिहिलंस तर गिळून टाकीन,
आणि लॉगमध्ये एक ओळ, कुणीतरी येऊन गेलं.

खाली गेटवर घाडीगावकरही हेच करतात.
सातशे चारला कुलूप.
तरी कुरिअरवाला आला की रजिस्टरात नोंद, वेळेसकट,
आणि पाकीट खणात.

फर्मवेअर भाबडं आहे.
माझ्या रजिस्टरला विचारतं, तयार?
शून्य.
तयार?
शून्य.
सेकंदाला चाळीस लाख वेळा, न चिडता.
माझा चहा साय धरून बसला
तरी ह्याचं आपलं, तयार?

शेवटी एक बिट उचलला.
तिथे तापमान मोजणारं काहीच नाही,
काय होतं तेही ठाऊक नाही,
माहितीपत्रकाचं नेमकं ते पान झेरॉक्समध्ये काळं आलंय.
तरी म्हटलं, हो बाबा, तयार.
ते लगेच पुढे सरकलं.
पडद्यावर उमटलं: तापमान ठीक.

निघताना विचारलं, सातशे चारवाले येतात कधी?
"मी लागलो तेव्हापासून कुलूपच, मॅडम.
परवा एक पोरगा मात्र फार अडून बसला,
चौथी खेप म्हणाला.
नुसती सही पायजे होती त्याला."

मग?

घाडीगावकरांनी पेनाला टोपण लावलं.