सात नंबर, तपकिरी

कुर्ल्याला न्यू मिल रोडवर, चपलांच्या दुकानात
छताला एक चौकोनी भोक आहे.
त्या भोकाच्या वर मी. अकरा वर्षं.
खालून हाक यायची, ‘सात नंबर, तपकिरी!’
की मी खोका सोडायचो.
फेकायचो नाही, सोडायचो.
यातला फरक खालच्या हातांना कळतो.

मॅनेजर मला वरूनच ठाऊक.
चेहरा फसवतो म्हणतात,
टाळूला ते जमत नाही.

खानविलकरांची टाळू तुळतुळीत, मधोमध एक तीळ.
खिशाला लाल पेन.
गिऱ्हाईक उठून गेलं की विचारायचे, ‘का गेलं?’
उत्तराला थांबायचे नाहीत.
पोरं भीतीनं चपळ झाली,
इतकी चपळ, की अस्लमनं एकदा
दोन डावे बूट एका खोक्यात बांधून दिले.
ते गिऱ्हाईक तणतणत परत आलं तेव्हा
अस्लम माळ्यावर, खोक्यांच्या आड,
गुडघ्यांत तोंड घालून.
मी त्याला पाणी दिलं.
वर दुसरं काही नव्हतंच.

मग फिलोमिना मॅडम.
सरळ भांग, मेंदीचे केस.
सगळ्यांना ‘बाळा’. डब्यातला पहिला घास दुसऱ्याला.
उशिरा येणाऱ्याला, ‘घरी ठीक आहे ना रे?’
आणि घरी तर कुणाच्याच कधी ठीक नसतं.
दिवाळीच्या आदल्या शनिवारी तिघं घरी,
शेवंतानं एकटीनं शंभर पावलं मापली.
रात्री मॅडमनी तिच्या गालाला हात लावला,
‘माझी गुणी लेक.’
शेवंता खाली बघत राहिली.
पुढच्या महिन्यात समोरच्या दुकानात लागली,
दोन हजार जास्तीवर.

तिसरा तरणा होता, केसांना जेल,
भिंतीवर तक्ता लावला, कोणी किती जोड विकले त्याचा.
माझं नाव तक्त्यात नव्हतं.
वाईट नव्हता बिचारा.
जायच्या दिवशी त्यानं मान वर करून विचारलं,
‘अरे, वर कोण असतं?’

लालवानी शेठ म्हणाले, ‘भानुदास, शिडी उतर. आता तू बघ.’

उतरलो.
पहिले चार दिवस माणसं ओळखू येईनात,
सगळ्यांना चेहरे होते.
माझ्या जागी वर जितू, एकोणीस वर्षांचा.
पाचव्या दिवशी मी हाक दिली, खोका आला
तो थेट एका म्हाताऱ्याच्या सुजलेल्या पावलावर.
मी ओरडलो.
तोंड माझं, आवाज खानविलकरांचा.
लगेच सावरायला ‘बाळा’ म्हणालो,
तेही उसनंच.
भोकातून दोन डोळे दिसले
आणि मागे सरकले.

रात्री शटर अर्धं ओढून शिडी चढलो.
पंखा नव्हता.
तसा तो कधीच नव्हता,
पण अकरा वर्षं मी मागितला नाही
आणि आता मागायचा कुणाकडे?
देणारा मीच.
हे ध्यानात यायला एवढा वेळ लागला
त्याची लाज वाटली, घामाबरोबर.

पंखा लावला. त्यानं सगळं सुधारलं असं नाही.
जितू अजून फेकतो कधी कधी.
एक मुलगी सोडून गेली, कारण सांगितलं नाही,
मी मात्र विचारून थांबलो होतो.

सोमवारी गर्दी कमी. तासभर मी वर जातो,
जितू खाली, गिऱ्हाईकापुढे गुडघ्यावर,
पाय हातात घ्यायला शिकतो.
वरून दिसतं, अस्लम पिकलाय.
दिसतं, मॅनेजरची जागा रिकामी आहे
आणि दुकान चाललंय.

परवा जितूनं हाक दिली, चाचरत,
‘सात नंबर, तपकिरी… साहेब.’
मी सोडला.
अस्लम ओरडला, ‘आठ आलाय!’
खाली सगळे हसले.
त्या हसण्यात भीती नव्हती,
लाडही नव्हता.
मी गुडघ्यावर बसलो
आणि सात शोधू लागलो.