उजवा खिसा

बाजाराच्या दिवशी नगराळे लाईनमन
सात खाकी सदरे घेऊन आला.
"डावे खिसे उसव, उजवीकडे लाव.
डाक्टरनं सांगतलं, मोबाईल मशिनीपासून वीतभर लांब."

वीत कोणाची, मी विचारलं,
तुमची का नातीची?
तो हसला, मग खरंच हात पसरून पाहू लागला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
खांबावर चढून घट्टे पडलेला.

तीस वर्षं त्या हातानं
अकरा हजाराची लाईन जोडली.
रात्री डीपीवर तो, खाली चिखलात पोरं,
दिवे लागले की एकच गलका: लाईन आली!
"अन् आता पाह्य," म्हणाला,
"नात मोबाईल घेऊन गळ्यात पडाले आली
का मी तिचा हात धरतो आधी."

मी ब्लेडनं उसवत गेलो.
खिशाखालचं कापड निघालं कोरं,
ऊन न पाहिलेलं, गडद, चौकोनी.
सातही सदऱ्यांना तीच खिडकी.

आठवा नवा शिवायचा होता.
टेप घेऊन वाकलो.
हासळीखाली कातडी उचललेली,
आत काडेपेटीहून लहान काहीतरी.
छाती अडतीस, म्हणेपर्यंत
तो एकदम गप.

"थांब बाप्पा. आतमंधी
एका तालात सुरू झालं,
तुह्या शिलाई मशिनीवानी."

तेव्हा मला माझ्या गळ्यातला दोरा दिसला.
दोऱ्याला लोहचुंबक,
डीजेच्या फुटक्या भोंग्यातून काढलेलं,
सांडलेल्या टाचण्या वेचायला.
त्याच्या छातीपुढे झुलत होतं
टाचण्यांची दाढी घेऊन.

मी मागं सरलो. भिंत लागली.
रस्त्यावर कोणी वांग्यांचा भाव ओरडत होतं.
"आता?"
बराच वेळ त्यानं मनगट धरून ठेवलं.
"आता माह्या मनानं चालते."

चुंबक मागच्या खोलीत खिळ्याला टांगलं.
उरलेलं माप त्यानंच घेतलं,
मी लांबून आकडे लिहिले.
पाठ तेवढी राहिली, ती अंदाजानं कापली,
जरा ढगळ झाली.

सदरे न्यायला आला तेव्हा फोन वाजला.
हात डावीकडेच गेला,
गडद चौकोनावर थांबला,
मग उजवीकडे.
"हाव, बोल."

उसवलेले सात खिसे माझ्याच डब्यात आहेत.
एकात एसटीचं तिकीट निघालं,
धुऊन धुऊन पांढरं,
कुठून कुठं ते वाचता येत नाही.
टाचण्या आता मी बोटांनी वेचतो.